व्रणावरचा कोंब

दत्ताराम घाग दुपारी दीड वाजता घरी आला तेव्हा त्याच्या चष्म्याची एक काच गायब होती आणि सदऱ्याचा खिसा फाटून लोंबत होता. इंदुमती फणसाचे गरे काढत बसली होती. हाताला चीक लागलेला, तशीच ती उठली.

"अहो, कोणी मारलं?"

"महादेव धाडव्यानं." तो ओटीच्या पायरीवर बसला. "त्याला काही बोलू नकोस. त्याची बायको गेली, इंदू. अकरा वाजता."

दत्ताराम कातळवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होता. एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर. त्या कातळावर दर चार दगडांआड एक फुरसं, त्यामुळे फुरसं चावलेली माणसं त्यानं शेकड्यानं पाहिली होती, आणि गेल्या सहा वर्षांत त्यातलं एकही दगावलं नव्हतं. सुगंधा धाडवे एकतीस वर्षांची. आदल्या सकाळी काजूच्या बागेत बिया वेचताना पायाच्या अंगठ्याला चावलं. नवऱ्यानं मोटरसायकलवर घालून पन्नास मिनिटांत केंद्रात आणलं. याहून लवकर कोण आणणार?

"डॉक्टरीणबाईंनी प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या. मग आणखी दहा, मग दोन. भरून मीच देत होतो," दत्ताराम सांगत होता. "रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवलं. तिरपी केली, तर पाण्यासारखं वाहिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा वाहिलं. तिसऱ्यांदाही तेच. विष उतरतच नव्हतं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग म्हणाली डोकं फुटतंय. जिल्ह्याच्या गाडीत घातली, ती वाटेतच..."

मग म्हणाला, "बावीस कुप्या, इंदू!"

संध्याकाळी पाच वाजता औषध बनवणाऱ्या कंपनीचं निवेदन सगळ्यांच्या फोनवर आलं. 'सर्पत्राण' या औषधात कोणताही दोष नाही. कातळवाडी केंद्रात कुप्या योग्य तापमानात ठेवल्या गेल्या नसाव्यात, असा प्राथमिक अंदाज आहे. सहा वाजता दत्तारामच्या निलंबनाचं पत्र आलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाला, "मंगळवारी पाऊण तास वीज गेली होती. म्हणजे कदाचित..."

"त्या फ्रिजला बॅटरी आहे."

"हो, पण बॅटरीनं दगा दिला असला तर? मी काही तिथे उभा नव्हतो."

इंदुमतीच्या डोक्यात सणक गेली. लोकांनी याला मारलं, कंपनीनं याच्यावर ढकललं, आणि हा बसलाय स्वतःच्या चुका शोधत! "तुमच्या फ्रिजला काही झालेलं नाही," ती ओरडली. "एकोणीस वर्षं दिवसातून दोनदा तापमान लिहिताय तुम्ही. बॅच कुठली होती?"

"चारशे सतरा."

चारशे सतरा क्रमांकाच्या बॅचवर तपासणी करणारी म्हणून सही होती ती तिचीच.

*

इंदुमती त्याच कंपनीत गुणवत्ता विभागात होती. बारावी होऊन, सूक्ष्मदर्शक पुसायला म्हणून लागली होती. डॉ. वैजयंती सोहोनींनी तिला शेजारी बसवून पेशी बघायला शिकवलं. बावीस वर्षांत तिची नजर अशी तयार झाली की सोहोनी मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "माझ्याकडे दोन यंत्रं आहेत. एक जर्मनीचं आणि एक इंदुमती."

औषध होतं यीस्टचं. पाव फुगवणारं तेच यीस्ट, पण त्याच्या पोटात बाहेरची जनुकं घातलेली. पूर्वी घोड्यांना थोडंथोडं विष टोचायचे आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढायचे. २०३८ साली ते बंद झालं. आता चार सापांवरची चार प्रतिविषं यीस्टच तयार करत होतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पोलादी टाक्यांमध्ये यीस्ट वाढवायचं, औषध गाळून घ्यायचं, ड्रोननं खेड्यापाड्यांत पोचवायचं. कोकणात माणसं वाचू लागली होती. यात खोटं काही नव्हतं.

यीस्टची पेशी आपल्या पेशींसारखी मधोमध दुभागत नाही. तिच्या अंगावर कोंब फुटतो, तो वाढतो, आईच्या केंद्रकाचा अर्धा वाटा मानेतून त्याच्यात जातो आणि मग तो तुटून वेगळा होतो. तुटल्या जागी एक गोल व्रण राहतो. पेशीला निळा चमकणारा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली हे व्रण बांगड्यांसारखे उजळतात. जितके व्रण, तितकी बाळंतपणं.

कोंब कुठे फुटायचा हे पेशी कसं ठरवते? तिच्यात एक प्रथिन असतं. ते कातडीखाली ज्या जागी गोळा होईल तिथे कोंब येतो. हे प्रथिन जुन्या व्रणाच्या शेजारी खुशाल गोळा होतं, पण व्रणावर मात्र कधीच नाही. कारण तिथे दुसरी प्रथिनं पहाऱ्याला बसलेली असतात. ती त्याला थारा देत नाहीत. एका जागी एकदाच, हा नियम निसर्गानं कोट्यवधी वर्षं सांभाळला होता.

सोहोनी मॅडमनी तो पहारा उठवला. पहारेकरी प्रथिनांची जनुकं काढून टाकली. आता पेशीला नवी जागा तयार करायला नको. आधीचा कोंब तुटला की त्याच व्रणातून लगेच पुढचा. प्रत्येक फेरीत अकरा मिनिटं वाचली. टाकीतून निघणारं औषध पाचव्या हिश्शानं वाढलं. मॅडमना दिल्लीत पुरस्कार मिळाला. त्यांच्या भाषणात इंदुमतीचं नाव होतं, आणि ते ऐकताना ती रडली होती.

मार्च महिन्यात, चारशे सतरा क्रमांकाची, म्हणजे नव्या यीस्टची पहिलीच मोठी टाकी तपासताना, तिला काहीतरी खटकलं. व्रण मोजायचं काम आता यंत्र करत असे. यंत्र सांगत होतं, पेशी तरुण आहेत, सरासरी एक व्रण. इंदुमतीनं सवयीनं स्वतः डोळा लावला. व्रण एक नव्हता. बांगडीत बांगडी होती, त्या बांगडीत आणखी एक. एकाच जागी चार-पाचदा कोंब फुटून गेलेला, आणि प्रत्येक वेळी मान आधीपेक्षा अरुंद झालेली. यंत्र या सगळ्याला एकच व्रण समजत होतं. अरुंद मानेत केंद्रक अडकत होतं. काही लेकींच्या वाट्याला अर्धवट जनुकं जात होती.

आणि फुरशाचं जनुक सगळ्यांत शेवटी घातलेलं, एका छोट्या वेगळ्या गुणसूत्रावर. ओढाताणीत पहिलं मागे राहणार ते तेच. ज्या पेशीनं ते गमावलं तिचं ओझं हलकं. ती आणखी भराभर वाढणार. टाकीच्या तळाशी अशा पेशींचंच राज्य होणार. तरी औषध मापात भरलं असतं, कारण चाचणी एकूण प्रथिनाची होती. चार सापांचं वेगवेगळं कोणी मोजतच नव्हतं.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी चित्रं पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "इंदुमती, तुझं काम मोजण्याचं. अर्थ लावायला मी आहे."

"पण मॅडम, फुरशाचं एकदा वेगळं तपासून..."

"महिना जाईल त्यात. उन्हाळ्याचा साठा अडेल. मी बघते म्हटलं ना? सही कर."

आणि तिनं सही केली. कोणी धमकी दिली नव्हती, कोणी हात धरला नव्हता. मॅडम बघते म्हणाल्या आणि तिला हायसं वाटलं. आता तेच आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्ड दाखवून थेट मॅडमच्या खोलीत शिरली.

"कातळवाडीची बाई चारशे सतरानं मेली."

"बस," सोहोनी म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"एप्रिलमध्ये मी फुरशाचं वेगळं मोजून घेतलं. चौदा टक्के उरलंय. पुढच्या बॅचपासून जुनं यीस्ट वापरतोय आपण. पहारा परत बसवलाय."

इंदुमतीला क्षणभर वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे एप्रिलपासून तुम्ही गप्प आहात? कुप्या बाहेर गेल्यात हे माहीत असून?"

"आणि काय करू? सांग ना!" मॅडमचा आवाज चढला. "आठ जिल्ह्यांत फक्त हीच बॅच आहे. परत बोलावली तर नाग चावलेल्याला काय देशील? घोणस चावलेल्याला? त्या तिघांवर हे औषध पुरेपूर चालतं. घोडे नाहीत, जुना साठा नाही. नवी बॅच वीस जूनला निघेल. तोपर्यंत एक साप सोडून बाकीच्या तीन सापांपासून लोक वाचताहेत. हिशोब मी केलाय, इंदुमती. झोप उडवून केलाय."

"मग हेच लोकांना का नाही सांगितलंत? फुरसं चावलं तर कुप्यांवर विसंबू नका, सरळ जिल्ह्याला न्या, रक्त चढवा. एवढं एक वाक्य! सुगंधाला पहिल्या तासात जिल्ह्याला नेली असती, तर? आख्खा दिवस तिथेच ठेवली तिला, का, तर तुमच्या कुप्यांवर विश्वास होता!"

मॅडमनी समोरची फाईल मिटली.

"आणि माझ्या नवऱ्याचा फ्रिज? तोही तुमच्या हिशोबातच?"

"ते निवेदन वरून आलं. मी लिहिलेलं नाही." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "दत्तारामचं निलंबन मागे घेता येईल. बॅटरीत बिघाड होता, माणसाची चूक नव्हती, असं चौकशीत मांडता येईल. मी बोलले आहे वर. तू फक्त थोडे दिवस शांत राहा."

बावीस वर्षांत इंदुमतीनं या बाईपुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. ती उठली आणि म्हणाली, "तुम्ही मला बघायला शिकवलंत. दिसलेलं गिळायला नव्हतं शिकवलंत. ते मी माझं माझं शिकले, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे."

*

दत्तारामला तिनं जेवताना सांगितलं. सगळं: बांगड्या, मान, सही. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"मार्चपासून?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी रोज तुला विचारायचो, काय गं, आज काय केलंस? तू सांगायचीस, काही नाही, नेहमीचंच." त्यानं घास परत ताटात ठेवला. "मी त्या पोरीला सांगत होतो, घाबरू नको, आमच्या घरचंच औषध आहे. माझी बायको तपासते. हे बोललो मी तिला, इंदू. बाविसावी कुपी भरताना."

"ओरडा तरी माझ्यावर," ती म्हणाली.

तो ओरडला नाही. ताट उचलून मोरीवर ठेवलं आणि बाहेर गेला. त्यानंतरचे चार दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी चौकशीची नोटीस आली, तेव्हा त्यानं ती तिच्यापुढे ठेवली. "बॅटरीचं खोटं मी बोलणार नाही. बिनपगारी घरी बसवलं तरी चालेल. तुला काय करायचं ते तू ठरव."

तिचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीच्या शीतगृहातून चारशे सतराची राखून ठेवलेली सीलबंद कुपी घेतली आणि प्रयोगशाळेतून फुरशाच्या वाळवलेल्या विषाची एक नळी. दोन्ही ठिकाणी नोंदवहीत स्वतःचं नाव, तारीख, वेळ स्वच्छ अक्षरात लिहिली. कोणी विचारलं नाही. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

*

चौकशी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात होती. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. शमीम परकार मध्ये बसल्या होत्या. उजव्या हाताला कंपनीचे वकील आणि सोहोनी मॅडम, डाव्या हाताला दत्ताराम. मागच्या बाकांवर कातळवाडीची पंधरा-वीस माणसं होती आणि त्यांच्यात महादेव धाडवे, दाढी वाढलेला, मांडीवर मुठी आवळून बसलेला.

वकिलांनी आलेख दाखवले. वीज गेली तो पाऊण तास लाल रंगात रंगवलेला होता. ते बसले तशी इंदुमती उभी राहिली.

"मी चारशे सतराची तपासनीस. मला एक चाचणी करून दाखवायची आहे. दहा मिनिटं लागतील."

"यांचा इथे संबंध काय?" वकील म्हणाले. "या कर्मचाऱ्याच्या पत्नी आहेत."

"म्हणूनच रक्त माझं वापरते," इंदुमती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं मागत नाही."

डॉ. परकारांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिनं आणलेल्या खोक्यातल्या कुप्यांकडे. "करा."

तिनं टेबलावर चार काचेच्या नळ्या उभ्या केल्या. "फुरशाचं विष रक्त पातळ करतं असं आपण म्हणतो. खरं तर ते आधी गोठवतं. शरीरातला गोठवणारा सगळा ऐवज ते नको तिथे खर्चून टाकतं, म्हणून मग उरलेलं रक्त थांबत नाही. नळीत मात्र विष घातलं की रक्त मिनिटाच्या आत गोठतं. औषध चांगलं असेल तर ते विषाला धरून ठेवतं आणि रक्त नेहमीच्या वेळेपर्यंत पातळ राहतं." तिनं एकेका नळीला बोट लावलं. "पहिलीत काहीच नाही. दुसरीत नुसतं विष. तिसरीत विष आणि मागच्या वर्षीच्या बॅचची, मुदत संपल्यानं बाजूला ठेवलेली शेवटची कुपी. ही कातळवाडीच्या त्याच फ्रिजमध्ये पडून होती, त्या मंगळवारीही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः काढून आणली आहे. चौथीत विष आणि चारशे सतरा. ही कंपनीच्या शीतगृहातली. हिनं कातळवाडी पाहिलेलीसुद्धा नाही."

"ही चोरी आहे!" वकील उठले.

"नोंदवहीत माझं नाव आहे. तक्रार करा."

मिश्रणं मुरायला काही मिनिटं दिल्यावर कातळवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं आणि चारही नळ्यांत सारखं घातलं. डॉ. परकारांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पन्नास सेकंदांनी इंदुमतीनं पहिली नळी तिरपी केली. रक्त वाहिलं. दुसरी तिरपी केली, मग पार उलटी केली. रक्त काचेला चिकटून राहिलं. तिसरी, कातळवाडीच्या फ्रिजमधली, तिरपी केली. रक्त काठापर्यंत वाहत आलं. दत्तारामनं डोळे मिटले.

चौथी तिनं डॉ. परकारांच्या हातात दिली. त्यांनी ती तिरपी केली. मग उलटी केली. मग टेबलावर आपटली. रक्ताचा गोळा जागचा हलला नाही.

"यात औषध आहे?" डॉ. परकारांनी विचारलं.

"नागाचं आहे, मण्यारचं आहे, घोणसचं आहे. फुरशाचं जवळजवळ नाही. मॅडम सांगतील किती ते."

सगळ्या माना सोहोनींकडे वळल्या. वकील त्यांच्या कानाशी लागले, तशी त्यांनी त्यांना हातानं दूर केलं. "चौदा टक्के," त्या म्हणाल्या. "अठरा एप्रिलपासून मला माहीत आहे."

मागच्या बाकांवर एकच गलका उठला. कोणीतरी टेबलाकडे धावलं, दाराशी उभ्या पोलिसानं अडवलं. डॉ. परकारांनी तिथल्या तिथे आठ जिल्ह्यांना संदेश धाडला: फुरसं चावलेल्या माणसाला केंद्रात थांबवू नका, तातडीनं मोठ्या रुग्णालयात हलवा. दत्तारामचं निलंबन रद्द झाल्याचं त्यांनी तोंडीच सांगितलं. गावकऱ्यांतला एक म्हातारा येऊन दत्तारामच्या पाठीवर थाप मारून गेला. दोघीतिघी इंदुमतीभोवती जमल्या. "बाई, तुमच्यामुळं बाहेर आलं हो सगळं," एक म्हणाली.

त्यांच्यातून वाट काढत महादेव पुढे आला. दत्तारामसमोर तो क्षणभर थांबला. मग तो इंदुमतीकडे वळला.

"मॅडमला एप्रिलात कळलं. तुमाला कदी कळलं?"

दत्तारामनं मान वर केली. इंदुमतीला वाटलं असतं तर ती म्हणू शकली असती, परवा. किंवा, नक्की कळलं नव्हतं, नुसती शंका होती. हे दुसरं तर खरंही होतं.

"मार्चमध्ये," ती म्हणाली. "सोळा मार्चला माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मॅडमना सांगितलं. त्या बघते म्हणाल्या, आणि मी सही केली."

"सुगंधाला मे महिन्यात चावलं."

"हो."

"दोन महिने." त्याच्या मुठी पुन्हा आवळल्या होत्या. "दोन महिने तुमी घरात जेवत होता, झोपत होता. तुमचा नवरा रोज आमच्या गावात येत होता. एक शब्द त्याला बोलला असता तर त्यानं माझ्या बायकोला तिथं ठेवली नसती."

"नसती ठेवली."

"मग आज हे रक्त कशाला दाखवताव आमाला?"

डॉ. परकारांचा कारकून तेवढ्यात तिचा जबाब टंकून घेऊन आला, सहीसाठी. त्यात तिच्या चाचणीचं वर्णन होतं, सोहोनींचा चौदा टक्क्यांचा कबुलीजबाब होता. मार्चचा उल्लेख नव्हता.

"यात सोळा मार्च घाला," ती म्हणाली.

कारकून घुटमळला. "बाई, तुम्ही साक्षीदार आहात. ते घातलंत तर तुम्हीही आरोपींत याल. गरज नाहीये त्याची."

"घाला," महादेव म्हणाला.

"घाला," दत्ताराम म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता, पण तिच्याकडे बघत नव्हता.

कारकून कागद घेऊन आत गेला. महादेव भिंतीला टेकून उभा राहिला. नवा कागद येईपर्यंत तो तिथून हलला नाही. आला, तेव्हा त्यानं तो तिच्या आधी हातात घेतला, ओळीवर बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत वाचला आणि मगच तिच्यापुढे केला.